वकिलांवरचे जोक आणि 'सावधान' : बार असोसिएशनचं पत्र आलंय, काय करू?

बिनपगारी (शनिवार रात्री)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे आणि लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मी इथे अमेरिकेत आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत शनिवारी व्हॉलंटियर म्हणून बसतो. नवीन आलेले लोक, मुलांकडे राहायला आलेले आईबाप, डिपॉझिट बुडवणाऱ्या घरमालकाशी भांडणारे स्टुडंट असे सगळे येतात, आणि दर एक-दोन शनिवारी कोणीतरी विचारतंच की वकील कसा शोधायचा आणि तो किती घेईल. तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून मागच्या महिन्यात दोन पानी पत्रक केलं, एका बाजूला इंग्रजी दुसऱ्या बाजूला मराठी, नाव 'वकील करण्याआधी सावधान'. आत काही जगावेगळं नाही. फी लेखी घ्या, तासावर आहे की मिळणाऱ्या पैशाच्या टक्क्यावर ते विचारा, बिल आयटमाइज्ड म्हणजे प्रत्येक कामाची वेगळी ओळ असलेलं मागा, लायसन्स देणाऱ्यांच्या साइटवर नाव टाकून त्या वकिलावर कधी कारवाई झालीये का बघा, कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका, एवढंच. फारच कोरडं वाटायला लागलं म्हणून दोन जोक टाकले. एक तो जुना, क्लायंटला बिल येतं आणि त्यात एक ओळ असते, 'रस्त्यापलीकडे तुम्ही दिसलात म्हणून बोलायला रस्ता ओलांडला, जवळ गेल्यावर कळलं तुम्ही नव्हेत : ५० डॉलर.' दुसरा तीन प्रश्नांचे हजार डॉलर घेणारा, 'जरा जास्त नाही का होत?' असं विचारल्यावर 'हो होतात, बोला, तिसरा प्रश्न?' म्हणणारा. दोन्ही माझ्या आजोबांच्या वयाचे असतील.

तर गेल्या मंगळवारी आमच्या काउंटीच्या (जिल्ह्यासारखा भाग) बार असोसिएशनकडून, म्हणजे वकिलांच्या संघटनेकडून, लायब्ररीला पत्र. जाड क्रीम कलरचा कागद, वर शिक्का. म्हणणं असं की जोकमुळे व्यवसायाची बदनामी होते आणि सामान्य माणसाचा न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडतो, इथपर्यंत ठीक. पण पुढे दुसऱ्या परिच्छेदात म्हणतात की 'सावधान'च्या जागी 'मार्गदर्शन' करा आणि बिलाचा मुद्दा व कारवाई तपासायचा मुद्दा काढून टाका कारण त्याने 'अनावश्यक संशय' तयार होतो. आमच्या डायरेक्टर बाई म्हणाल्या तूच ठरव, पण मला भांडण नकोय. म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच.

कायदेशीर काही करू शकतात का हे लोक? असं आधी कुठे झालंय का? आणि जोक काढून बाकीचं ठेवलं तर शेपूट घातल्यासारखं होईल का?

नुसताच_वाचक

आधी त्या पत्राचे किती तास लावलेत ते विचारा.

जुनी_कात्रणं

बिनपगारी, झालंय, बऱ्याचदा झालंय. माझा हा जुना छंद आहे त्यामुळे थोडं सहन करा.

सगळ्यात गाजलेलं १९९३चं. १ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत १०१ कॅलिफोर्निया स्ट्रीटवरच्या इमारतीत एक माणूस बंदुका घेऊन एका लॉ फर्ममध्ये शिरला, आठ माणसं मारली आणि मग स्वतःला गोळी घातली. भयंकरच प्रकार होता तो. पण चारपाच दिवसांत कॅलिफोर्निया स्टेट बारचे, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या अधिकृत संस्थेचे, तेव्हाचे अध्यक्ष हार्वी सॅफरस्टीन यांनी पत्रकारांसमोर येऊन सांगितलं की आता हे वकिलांना झोडपणं थांबवा, आणि उदाहरण दिलं एका बीअरच्या जाहिरातीचं, ज्यात रोडिओमध्ये वासराला पकडतात तसं एका जाड्या वकिलाला दोर टाकून पकडतात. माणूस मनापासून बोलला असणार, त्याच्याच व्यवसायातली माणसं गेली होती. पण लोकांना दिसलं काय, तर माणसं बंदुकीने मेली आणि हे बोलतायत जाहिरातीबद्दल. मग कॉलम लिहिणारे आणि टीव्हीवरचे विनोदवीर अक्षरशः तुटून पडले आणि थांबायच्या ऐवजी जोकना ऊत आला. त्या गोळीबारातून खरं काही निघालं ते बंदुकांच्या बाजूने निघालं, १९९४च्या असॉल्ट वेपन बंदीसाठी सिनेटर फाइनस्टाइन यांनी जे रान उठवलं त्यात हे प्रकरण वारंवार यायचं.

दुसरं २००५चं, हे जास्त मजेशीर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर हेम्पस्टेडच्या कोर्टाबाहेर सिक्युरिटीच्या रांगेत दोन म्हातारे उभे, दोघेही वकिलांविरुद्ध चळवळ करणारे. एकाने दुसऱ्याला विचारलं वकील खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं, दुसरा म्हणाला ओठ हलायला लागले की. पुढे उभा होता एक वकील. त्याने तक्रार केली आणि दोघांना शांतताभंगाखाली चक्क अटक झाली. पुढे ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, नकार दिला. पण जोकसाठी बेड्या पडल्या हे खरंय.

आता जोक बाजूला ठेवा, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला दुसरा परिच्छेदच खरा आहे आणि पहिला त्याच्यावर घातलेली चादर आहे. या संघटना मनापासून कधी चिडल्या ते बघा. १९६५मध्ये नॉर्मन डेसी नावाच्या, वकील नसलेल्या माणसाने प्रोबेटच्या (मृत्युपत्र कोर्टातून मंजूर करून घेण्याच्या) फेऱ्यात न अडकता वारसांना मालमत्ता कशी द्यायची याचं फॉर्मसकट पुस्तक काढलं आणि ते तुफान खपलं. न्यूयॉर्क काउंटी लॉयर्स असोसिएशन कोर्टात गेली, म्हणे हा विनापरवाना वकिली करतोय. खालच्या कोर्टांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने तो फिरवला, कारण सगळ्या जगासाठी छापलेलं पुस्तक म्हणजे एका विशिष्ट माणसाला दिलेला सल्ला होत नाही. त्यानंतर तीस वर्षांनी तेच नाटक टेक्ससमध्ये, तिथल्या विनापरवाना वकिली शोधणाऱ्या कमिटीने नोलो प्रेस या स्वतःचं-काम-स्वतः-करा छाप कायद्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकाची चौकशी लावली, आणि १९९९च्या जानेवारीत डॅलसच्या फेडरल कोर्टाने मृत्युपत्र वगैरे करून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर बंदीच घातली. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी टेक्ससच्या विधिमंडळाने कायदा केला, की पुस्तक, सॉफ्टवेअर, वेबसाइट यांच्यावर ठळकपणे 'हे वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही' असं लिहिलेलं असेल तर ती वकिली धरायची नाही. मग ती बंदीपण उठली.

तुमच्या पत्रकाच्या तळाशी ते वाक्य आहे का? नसेल तर आजच टाका. तुम्ही टेक्ससमध्ये नसाल तरी टाका.

सहा_मिनिटं

मी अकरा वर्षं एका लॉ ऑफिसमध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे, त्यातली पाच बिलिंग करण्यात गेली, म्हणून आयडी हा. ऑफिसचं नाव विचारू नका.

तुमचा रस्ता ओलांडायचा जोक आमच्याकडे कॉफी मशीनवर चिकटवलेला होता. वकिलांनीच. त्यामुळे भावना दुखावल्या वगैरे मला पटत नाही. पण बिलाचा मुद्दा काढा म्हणतात ते मात्र मला बरोब्बर कळलं.

तासावर फी असते तेव्हा तास दहा भागात मोडतात, एक भाग सहा मिनिटं. बिलावर ०.१ लिहिलेलं असतं ते हेच. तीनशे डॉलर तास असेल तर ०.१ म्हणजे तीस डॉलर. तुम्ही व्हॉइसमेल ठेवला 'सर कागद मिळाले, थँक्यू', तो ऐकायला चाळीस सेकंद लागली, तरी ०.१. थँक्यूचे तीस डॉलर. काही ठिकाणी तर पाव तासाचा भाग असतो, मग विचारायलाच नको. यात फसवणूक नाहीये, करारात लिहिलेलं असतं, फक्त कोणी वाचत नाही आणि नवीन माणसाला कोणी सांगत नाही की बाबा चार ईमेल वेगवेगळे पाठवू नकोस, एकात लिही.

पत्रकात अजून घाला. ब्लॉक बिलिंग नावाचा प्रकार असतो, म्हणजे 'मसुदा वाचला, फोन केला, संशोधन, फाइल पाहिली : ४.७ तास', एकाच ओळीत सगळं कोंबलेलं. त्यातलं कशाला किती लागलं हे देवालाच माहीत. असं आलं की तोडून मागायचं. दोन वकील एकमेकांशी पाच मिनिटं बोलले की दोघांचंही ०.१ लागतं, तेही बघायचं. रिटेनर, म्हणजे सुरुवातीला भरायची रक्कम, दिला म्हणजे ती फी झाली असं नाही, बहुतेक वेळा तो ॲडव्हान्स असतो आणि क्लायंटचे पैसे ठेवायच्या वेगळ्या ट्रस्ट अकाउंटमध्ये पडून असतो, काम होईल तसा त्यातून उचलतात, आणि उरला तर परत मागायचा असतो. उरलेला परत मागणारे क्लायंट फार थोडे बघितले मी.

आणि टक्क्याच्या केसमध्ये खर्च आधी की नंतर हा प्रश्न तुमच्या पत्रकात दिसला नाही, तो टाकाच. समजा ९०,००० मिळाले, फी एक तृतीयांश, केसचा खर्च १५,०००. फी आधी काढली तर ३०,००० गेले, मग खर्च, हातात ४५,०००. खर्च आधी काढला तर ७५,००० वर फी २५,०००, हातात ५०,०००. तीच केस, तेच टक्के, पाच हजाराचा फरक, एका ओळीवर.

आता सांगा, तुमचा जोक आणि ही माहिती यात फरक काय? जोकमध्ये मी जे वर लांबलचक लिहिलं तेच आहे, फक्त हसू येतं आणि लक्षात राहतं.

वकील_पण_माणूस

इथे सगळे एका बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू. मी अठरा वर्षं इथे प्रॅक्टिस करतोय, अपघाताच्या केसेस जास्त. आणि हो, मीही ते जोक सांगतो.

आधी बिनपगारींच्या प्रश्नाचं उत्तर, कायदेशीर काही होऊ शकत नाही. अमेरिकेत तेरा लाखांहून जास्त वकील आहेत, 'वकील असेच' म्हटल्याने त्यातल्या कोणा एकाची बदनामी होत नाही. गट इतका मोठा असला की बदनामीचा दावा उभाच राहत नाही, नेमका माणूस ओळखू यायला हवा. आणि जोक व मत या दोन्हीला पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याचं, संरक्षण आहे. २००७मध्ये वकिलांना गुण देणारी एक वेबसाइट निघाली तेव्हा काही दिवसांतच माझ्याच काही व्यवसायबंधूंनी सिॲटलला दावा लावला होता, त्याच वर्षाअखेर फेडरल कोर्टाने तो काढून टाकला, गुण देणं हे मत आहे म्हणाले. दुसरं, तुमच्या काउंटीची बार असोसिएशन म्हणजे वर्गणी भरून मेंबर व्हायचं मंडळ. लायसन्स देणं आणि काढणं बहुतेक राज्यांत तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या हातात असतं, आणि काही राज्यांत स्टेट बार हे त्यांच्या वतीने करतो. कॅलिफोर्नियात तर शिस्त लावणारा बार आणि मेंबरांचं हित बघणारी संघटना एकत्र नांदत होत्या, २०१८मध्ये त्यांना वेगळं केलं, कारण एकाच तोंडाने दोन्ही बोलता येत नाही. तुम्हाला पत्र लिहिणारे दुसऱ्या प्रकारातले. ते पत्र लिहू शकतात, बस.

पण जोक निरुपद्रवी असतात हे मला मान्य नाही. कॉफीचा जोक सगळ्यांना माहितीये, बाई कॉफी अंगावर सांडते आणि लाखो डॉलर घेऊन जाते, वकील बघा कसे. तर ती केस १९९४ची, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची. स्टेला लीबेक, वय ७९. थर्ड डिग्री भाजलेलं, त्वचेचं ग्राफ्टिंग करावं लागलं. त्यांनी मॅकडॉनल्ड्सकडे मागितले होते सुमारे वीस हजार, खर्च निघावा म्हणून. कंपनीने देऊ केले आठशे. आठशे! मग ज्युरीने वीस टक्के चूक बाईंचीच धरली, भरपाई १,६०,००० ठरवली आणि वर दंड २७ लाख लावला. न्यायाधीशांनी दंड ४,८०,००० वर आणला आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. जोकमध्ये यातलं काय आलं? फक्त सांडलेली कॉफी आणि लाखो. आणि भरपाईवर मर्यादा घाला म्हणून मोहीम चालवणाऱ्यांनी तो जोक वर्षानुवर्षं वापरला. म्हणजे जोक कोण सांगतंय आणि कोणाच्या फायद्याचा आहे हेही बघावं लागतं.

आणि दुसरं, माझ्या ऑफिसात घडलेलं. एक गृहस्थ आले, आपलेच, पायरीवरून पडून कंबर मोडलेली, सगळे एक्सरे व्यवस्थित फाइलला लावलेले. दोन वर्षं आणि वीस दिवस झाले होते. आमच्याकडे मुदत दोन वर्षांची. मी विचारलं इतके दिवस का थांबलात, तर म्हणाले मेव्हणे म्हणाले वकील लुटतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्या पायरीवर न चढल्याने दुसऱ्या पायरीवरून पडल्याचे पैसे गेले. मी काहीही करू शकलो नाही. पहिली भेट फुकट होती हो!

जुनी_कात्रणं

@वकील_पण_माणूस, कॉफीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्या बाईंवर अन्यायच झाला. पण त्यात जोक पसरवणारे मोठ्या कंपन्यांच्या बाजूचे, आणि बिनपगारींचा जोक बिल भरणाऱ्याच्या बाजूचा. दोघांना एका तागडीत नका घालू.

आणि बदनामीपेक्षा पैशाचं दुखणं जुनं आहे हो. व्हर्जिनियात गोल्डफार्ब नावाचं जोडपं घर घेत होतं, टायटल, म्हणजे मालकीचे कागद, तपासायला वकील हवा. पहिल्या वकिलाने बारचं ठरलेलं दरपत्रक दाखवलं, यापेक्षा कमी घेणार नाही म्हणाला. त्यांनी फेअरफॅक्स काउंटीतल्या आणखी ३६ वकिलांना पत्रं लिहिली. १९ जणांची उत्तरं आली. एकानेही कमी सांगितलं नाही! १९७५मध्ये सुप्रीम कोर्टाने ती किमान फी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर ठरवली. मग दोनच वर्षांनी बेट्सची केस. ॲरिझोनातल्या दोन तरुण वकिलांनी पेपरात जाहिरात दिली, संमतीचा घटस्फोट १७५ डॉलर अधिक कोर्टाची फी २० डॉलर. फक्त दर छापले म्हणून स्टेट बारने शिस्तभंगाची कारवाई केली, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ असं त्या दोघांच्या बाजूने सुटलं. 'व्यवसायाची प्रतिष्ठा' हा शब्द तेव्हाही हाच होता. गिऱ्हाइकाला आधी किंमत कळली की प्रतिष्ठा जाते, असं काहीसं.

वकील_पण_माणूस

@जुनी_कात्रणं, बेट्सचं म्हणाल तर त्या निकालामुळेच आज हायवेवर माझ्या धंद्यातल्या लोकांचे हसरे चेहरे वीस फुटी बोर्डवर आहेत, आणि व्यवसायाची प्रतिमा तुमच्या सगळ्या जोकपेक्षा त्या बोर्डांनी जास्त घालवली. हे मी गमतीने म्हणत नाहीये.

नुसताच_वाचक

एक निरीक्षण. याच संघटना स्वतः सावधान म्हणणारी पत्रकं वाटतात की. 'नोटारिओ'पासून सावधान! लॅटिन अमेरिकेत नोटारिओ म्हणजे कायदा शिकलेला मोठा माणूस, इथला नोटरी फक्त सहीला साक्षी, आणि त्या नावाच्या घोळाचा फायदा घेऊन इमिग्रेशनचे अर्ज भरून देणारे भामटे लोकांना लुटतात. अमेरिकन बार असोसिएशनने त्यावर चांगलं काम केलंय, खोटं का बोला. पण तिथे 'अनावश्यक संशय' वगैरे शब्द आठवत नाहीत. दुसऱ्यापासून सावधान चालतं, आमच्यापासून नाही.

उशिरा_कळलं

मी इथे फारसं लिहीत नाही. कारवाई तपासायचा मुद्दा काढू नका एवढं सांगायला आलो.

वडिलांना गाडीने उडवलं होतं, केस मिटली, चेक वकिलाकडे आला. कायद्याने तो ट्रस्ट अकाउंटला जातो आणि तिथून आपल्याला. तीन महिने 'हॉस्पिटलचं देणं मिटवतोय', मग 'अकाउंटंट सुट्टीवर', मग फोनच बंद. वडील म्हणायचे मोठा माणूस आहे, कामात असेल. ऑफिसात भिंतभर सर्टिफिकेटं होती, चामड्याची खुर्ची, वडील तिच्यावर बसायलाच तयार नव्हते, उभेच. शेवटी मी स्टेटच्या साइटवर नाव टाकलं तर आधीच्या दोन शिक्षा दिसल्या, दोन्ही क्लायंटच्या पैशाच्याच. दोन मिनिटं लागली मला. सही करायच्या आधी ती दोन मिनिटं घातली असती तर. पुढे क्लायंटच्या नुकसानीसाठी जो फंड असतो त्यातून बऱ्यापैकी मिळाले, सगळे नाहीत. बहुतेकांना असा फंड असतो हेच माहीत नाही, तेही लिहा. प्रत्येक राज्यात मर्यादा वेगळी, कॅलिफोर्नियात एक लाख डॉलरपर्यंत आहे.

आणि साइटवर काही दिसलं नाही म्हणजे सगळं स्वच्छ असं पण धरू नका. टॉम जिरार्डी हे कॅलिफोर्नियातलं केवढं नाव होतं. २०१८च्या लायन एअर विमान अपघातातल्या बायकापोरांचे पैसेसुद्धा त्याने परस्पर वापरले. २०२२मध्ये लायसन्स गेलं, मग स्टेट बारनेच जाहीर केलं की चाळीस वर्षांत त्याच्याविरुद्ध २०५ तक्रारी आल्या होत्या. दोनशे पाच. २०२४मध्ये तो दोषी ठरला, २०२५मध्ये सात वर्षांच्या वर शिक्षा झाली. आता तिथल्या बारच्या साइटवर काही वकिलांच्या नावापुढे ते स्वतःच ग्राहकांसाठी इशारा लावतात.

जोकबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला हसू येत नाही, पण ते माझं झालं.

वकील_पण_माणूस

@उशिरा_कळलं, वाईट वाटलं वाचून. बहुतेक राज्यांत ट्रस्ट अकाउंटचा चेक बाउन्स झाला तर बँकेने थेट शिस्तपालन ऑफिसला कळवायचं असतं, असल्याच लोकांमुळे आलेली सोय आहे ती. वडिलांना नमस्कार सांगा.

बिनपगारी, माझं मत बदललंय थोडं. दोन्ही मुद्दे ठेवा. फक्त माझी एक भर घाला, मुदतीचं. दुखापत झाली तर घड्याळ चालू झालं असं समजा, आणि सरकारी बस किंवा सरकारी इमारत असेल तर फारच कमी वेळ असतो, न्यू जर्सीत नोटीस द्यायला ९० दिवस. माझ्या त्या पायरीवाल्या गृहस्थांसाठी घाला.

बिनपगारी (पुढच्या रविवारी)

सगळ्यांचे आभार, आणि उशिरा_कळलं, तुमचे विशेष, तुमची पोस्ट मी डायरेक्टर बाईंना इंग्रजीत करून वाचून दाखवली, नाव-गाव वगळून. त्या बराच वेळ गप्प होत्या.

तर झालं ते असं. कारवाई तपासायचा मुद्दा आता पहिल्या नंबरावर. बिलाचा मुद्दा वाढवला, ब्लॉक बिलिंग आणि खर्च आधी-नंतरचं गणित, सहा_मिनिटं ताई, तुमचे आकडे जसेच्या तसे घेतलेत. मुदत आली. फंड आला. तळाशी 'वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही' ठळक अक्षरात. नाव 'सावधान'च राहिलं. बार असोसिएशनला दोन ओळींचं नम्र उत्तर गेलं आणि सोबत विचारलं की तुमचा कोणी मेंबर महिन्यातून एक शनिवार लायब्ररीत फुकट बसेल का. अजून उत्तर नाही.

जोक मात्र काढले. शेपूट घातली म्हणा हवं तर. तिसऱ्या प्रश्नाचा जोक तसाही काही शिकवत नव्हता, आणि पहिल्याच्या जागी दुसरं मिळालं. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी त्यांचं जुनं, पैसे भरून संपलेलं बिल दिलं, नावं काळी करून त्याचा अर्धा भाग छापलाय आणि प्रत्येक ओळीला बाण काढून अर्थ लिहिलाय. त्यात सगळ्यात खाली एक ओळ आहे : 'मागच्या बिलाबद्दल क्लायंटच्या शंकेचा फोन : ०.२.'

काल तिघांनी पत्रक उचललं, तिघेही त्याच ओळीला हसले. एकाने तर विचारलं हा जोक कुठला.

सहा_मिनिटं

०.२ म्हणजे आजी बारा मिनिटं भांडल्या. शाबास! त्या अर्ध्या बिलाचा फोटो टाका ना इथे, कॉफी मशीनवर जागा आहे.